गळा वेगळा, साज वेगळा

— नाय, नाय, तो पेनड्राइव्ह आधी बाहेर काढ. काढ, काढ. शी! हे काय भरून आणलंयस गो ऋतिका? ‘न्यू फोल्डर’, त्याच्यात ‘न्यू फोल्डर दोन’, त्याच्यात ‘ट्रॅक झीरो वन’ — आणि असे चौदा ट्रॅक झीरो वन! कुठला कोणाचा, कळायचं कसं? आणि ह्या गाण्याच्या शेपटाला बघ, ज्या फुकट्या वेबसाइटवरून उचललं तिचंच नाव चिकटलेलं. गाणाऱ्याचं नाव नाय, चोराचं आहे. तू बँकेत लागलीस असं ऐकलं, तिथे पण कागद असेच ठेवता काय? हसू नको. मला खरंच मळमळतं असलं बघितलं की. आपला फॅमिली ग्रूप मी का सोडला? भांडून नाय सोडला, तुझ्या बाबाला तसं वाटत असेल तर वाटू दे. ह्याच्यासाठी सोडला. सकाळी डोळे उघडले की चाळीस ऑडिओ, एकाला धड नाव नाय, नुसते आकडे — पुसायचे, परत तेच यायचे, परत पुसायचे. उकिरडा नुसता. म्हटलं गेलात खड्ड्यात. दीड वर्ष झालं, डोकं शांत आहे. बस तू. कांता, चहा टाक गो, बुधाजी बुवांच्या कन्येने पायधूळ झाडलीय आपल्याकडे, अठरा वर्षांनी!

बुवांची भजनं पायजेत म्हणालीस ना दारातच? डबलबारीतली, जुनी, असतील तेवढी. सगळी कशाला गो लागतात — पंचाहत्तरी करताय वाटतं. हॉल घेतला असेल, शाल, नारळ, एवढा मोठा बॅनर... थांब, मला बोलू दे, मग तू बोल. आधी बघ. हे बघ, ह्याला म्हणतात संग्रह. एकशे शहाऐंशी कॅसेटी होत्या माझ्याकडे. माझ्याचकडे — टेप मीच न्यायचो, पखवाजाच्या बाजूला ठेवायचो, दोन बुवा समोरासमोर बसले नि पहिला सवाल पडला की लाल बटण मीच दाबायचो. तुझ्या बाबाला कसली आलीय कॅसेटची फिकीर, त्याच्या पुढे माणसं, मागे माणसं. मी रिटायर झालो आणि चार वर्षं इथे बसून एकेक कॅसेट कॉम्प्युटरात उतरवली. माझगावला गोदीत तेहतीस वर्षं स्टोअर सांभाळलंय मी — एका वॉशरला पण पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर, नंबरप्रमाणे खण. काळोखात हात घालीन नि पायजे तो बोल्ट काढून देईन. तसंच हे. साल, महिना, जागा. लालबाग, गणेशोत्सव, ब्याण्णव. कॉटन ग्रीन, सत्यनारायणाची पूजा, चौऱ्याण्णव. वरळी कोळीवाडा, नारळी पौर्णिमा. अभंग कुठला, गजर कुठला, ताल कुठला, समोरचा बुवा कोण, पखवाजाला कोण — पखवाजाला मीच, पण लिहिलंय. एक खण रिकामा दाखव मला. — कुठला? — हां. आर्टिस्ट. तो रिकामाच आहे. तो ठेवलाय रिकामा.

का म्हणजे? तुला नाय सांगितलं कोणी? बरोबर, कोण कशाला सांगेल. दोन हजार सहा. परळला, हॉल खच्चून भरलेला, तू बारा-तेरा वर्षांची, पहिल्या रांगेत आईच्या बाजूला बसलेलीस. मी पखवाज पुढ्यात घेऊन, कणीक मळून डाव्या पुडीला थापून तयार — कणकेशिवाय तो घुमत नाय, आणि लावली की सुकायच्या आत वाजवायला लागतो. आणि तुझा बाबा, माझा सख्खा मोठा भाऊ, ज्याच्या गळ्यामागे मी चोवीस वर्षं हात बडवले — माइक घेऊन म्हणतो, ‘आज पखवाजाला गिरगावचे निलेश पांचाळ बसतील. कुशा टाळ धरेल.’ माइकवर! घरी नाय, येताना टॅक्सीत नाय. सातशे माणसांना आणि मला एकदमच कळलं. मागे कोणीतरी फिदकन हसला. मी काय केलं? टाळ धरला. धरला ना! तीन तास धरला, बोटांना कणीक तशीच, कडक झालेली. घरी येऊन मोरीत बसून खरवडली. तेव्हा जी किळस आली ना — त्याची नाय गो, माझी, की तिथल्या तिथे उठून का नाय आलो — ती अजून गेली नाय. त्याचं तोंड मात्र त्या दिवसापासून बघितलं नाय.

आता सांग, त्या माणसाचं नाव मी माझ्या हाताने टाइप करू? नाय केलं. पण नुसतं नाव गाळून भागेना. नाव नसलं तरी गळा वाजतोच, आणि गळा वाजला की मला माइक दिसतो. मग हे सॉफ्टवेअर मिळालं. नवीन आहे — गाणं टाकलं की मधोमध चिरतं. गळा वेगळा, साज वेगळा. दोन फायली करून देतं. ऐक. हेडफोन नको, मोठ्याने ऐक. — ऐकलंस? पखवाज! चौऱ्याण्णवचा हात आहे हा, एकेक बोल सुटा पडतोय, मोत्यासारखा. — गळा? अगो गळा नायच, तेच तर दाखवतोय तुला! एकशे शहाऐंशी कॅसेटी आणि एकीत पण तुझ्या बाबाचा शब्द नाय. गळ्याच्या फायली शिफ्ट डिलीट, आधीच्या अख्ख्या पण. एकेक करून. त्या नुसत्या ऐकवत पण नव्हत्या — साज काढून घेतलेला उघडा गळा, कापलेल्या माशाची आतडी बाजूला पडतात ना, तसा. पुसला की बरं वाटायचं मला. — कॅसेटी? भंगारवाल्याला दिल्या, गोणीत भरून. त्याने पण नाक मुरडलं.

अशी काय बघतेस? रडतेस काय? अगो, मंडळात कोणाकडे तरी असतील, विचार. — विचारलंस? सगळ्यांना? — मग परत गा म्हणावं बुवाला, गळा अजून शाबूत आहे ना, एक माइक लाव पुढ्यात नि —

काय?

परत सांग. काढला म्हणजे? गाठ काढली, बरं, आणि गाठीबरोबर — पूर्ण? अख्खा आवाजच? मग बोलतो कसा? — पाटीवर. बुवा पाटीवर लिहून दाखवतो. कधी झालं हे? गणपतीच्या आधी. म्हणजे तीन महिने झाले. आणि मला कोणी एक शब्द — ग्रूपवर. ग्रूपवर टाकलेलं. हां... बरोबर, ग्रूपवरच टाकणार ना. कांता! तुला ठाऊक होतं? तिथे चहा धरून उभी राहू नको, ठाऊक होतं तुला? — ह्या घरात त्याचं नाव काढायचं नाय, असं कोणी म्हटलेलं? मी. हां. मीच म्हटलेलं.

थांब, उठू नको. उठू नको गो बाय, थांब. एक फोल्डर आहे. हा बघ, ‘परत धुवायच्या’. ते सॉफ्टवेअर सगळा गळा काढत नाय, साजाच्या मागे थोडा राहून जातो, घासलेल्या टोपाला तेलकटपणा राहतो तसा. मला तेवढा पण खपायचा नाय — म्हणून फायली दोन-दोनदा धुतल्या मी. ह्या अकरा राहिल्यात. देवाने ठेवल्या असं म्हणू नको, कंटाळ्याने ठेवल्या. पंखा बंद कर. कांता, तो गॅस घालव. ये, इथे कान लाव, स्पीकरला लाव. — येतंय? पखवाजाच्या मागे बघ... भिंतीपलीकडच्या खोलीत कोणी गातंय असं. शब्द नाय कळत, पण ही वरची जागा त्याचीच, अशी दुसरा कोणी घ्यायचा नाय. आता — आता बघ — आली ना? — नाय आली? मला आली. माझं कानात बसलेलं असेल मग. थांब, आवाज वाढवतो... वाढवला तर मीच वाढतोय. हा पखवाजच सगळं खातोय. शी! किती बडवतोय हा माणूस, काय ऊत आलाय ह्याला, एवढा — गप बस की मेल्या, गाऊ दे त्याला!

बंद केलं. बस झालं.

घे ह्या अकरा. टाक कसल्या पण फोल्डरात, मी काय नाय बोलणार. आर्टिस्टचं तूच भर घरी जाऊन. मी ह्या हातांनी कीबोर्डला शिवत नाय आता, ओकारी येतेय मला ह्या हातांची. आणि बाकीच्या कुठे विचारलं त्याने, तर खोटं नको सांगू. हरवल्या नको सांगू. कुशाने केलं सांग. — काय दाखवतेस? फोटो? पाटीचा? कोणी, त्यानेच पाठवलं तुला इथे? मला वाटलं तू आपली आपणच... चष्मा दे गो कांता. अक्षर तसंच आहे ह्याचं, तिरकं, मंडळाच्या वहीत लिहायचा तसंच. ‘कुशाकडे जा.’ बरं. ‘त्याच्याकडे सगळं... त्याच्याकडे सगळं नीट ठेवलेलं असेल.’

घे तो फोन. घे म्हणतो ना! चहा राहू दे, जा तू. जा. — कांता, दार लाव.