दारातले बूट

टोरांटोच्या नॉर्थ यॉर्क भागातल्या बसमध्ये माझ्या मागे एक काकू आणि त्यांची भाची ऊर्मी बोलत होत्या.

“मावशी, तुम्ही मंडळींनी मंदिराचा हॉल रविवारी आर्मेनियन चर्चला दिलात? मग आपलं कीर्तन?”

“शनिवारी. त्यांचं चर्च पाडून नवं बांधतायत. आपलं मंदिर नव्हतं, कुणी जागा देईना, तेव्हा त्यांच्याच बेसमेंटमध्ये कीर्तन व्हायचं ना गं?”

“पण चर्चला येणाऱ्यांना बूट काढा म्हणून कसं सांगितलंत?”

“तीच धास्ती होती. ज्यांनी आसरा दिला, त्यांनाच दारात अडवायचं?”

“मग?”

“त्यांचे फादर आले, वाकून बूट काढले आणि पिशवीतल्या कापडी सपाता घातल्या. म्हणाले, वेदीपाशी आम्हीही बाहेरचे जोडे घालत नाही. मग मागच्या सगळ्यांनी काढले.”

“आणि तू घरी गेलीस?”

“छे, मागे बसले. त्यांचं सगळं गाऊनच असतं गं. पूजेतला, काठीवरचा घुंगरं लावलेला पंखा वाजला नि माझे हात टाळ शोधायला लागले.”

“काही कळलं?”

“एक शब्द नाही. पुढच्या रविवारी लवकर सोड मला.”

“आता कशाला?”

“बेसमेंटमध्ये तेव्हा आपल्या सतरंज्या तेच घालून ठेवायचे. त्यांच्या खुर्च्या मी मांडणार.”