‘वीक’ म्हणजे नक्की काय

हॅलिफॅक्सच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एनिड नावाची एक म्हातारी बसली होती. तिचा नवरा क्लिफर्ड डॉक्टरीणबाईंना भेटून बाहेर आला.

“काय म्हणाल्या?”

“वीक म्हणाल्या.”

“काय वीक?”

“चहा. वीक पीत जा म्हणाल्या.”

“तो तर मी रोजच देते.”

“तेच सांगितलं मी त्यांना. याहून वीक म्हणजे नुसतं गरम पाणीच!”

“विनोदही वीकच झालाय तुझा. खरं सांग, क्लिफर्ड.”

“शाळेत मी भूगोलात वीक होतो, त्यानं कुठं काय बिघडलं?”

“हृदय का?”

“हं.”

“बरंच?”

“जिना चढायचा नाही म्हणाल्या. मी खाली सोफ्यावर झोपेन, तू आपली वर झोप.”

“एकावन्न वर्षं झाली, आता मी एकटी झोपू? पलंग खाली आणायचा.”

“आणणार कोण? मला वजन उचलायचं नाही.”

“शेजारचे दोघं आणतील. मी एक बाजू धरेन.”

“आणि मी काय करू?”

“तू खुर्चीत बसून आमच्या चुका काढ. त्यात तू कधीच वीक नव्हतास.”