ज्यानं खोललं त्यानं आधी बसायचं

मी चाकूरकडचा. गावाचं नाव सांगून तुमाला ठावं व्हनार न्हाई, तवा चाकूरच लिवा. आमी तिघं भाऊ, रान थोडं, बाप मनला, तिघांनी एकाच बांधावर बसून काय करता, एकानं तरी हत्यार धरा. मी धाकटा, आन् तापट, घरात कुणाशी पटत नव्हतं माझं, मग मलाच नांदेडला धाडलं, चाँद उस्तादच्या गॅरेजात. उस्ताद मोटारसायकलीचे मेस्तरी, आन् त्यातबी कारबुरेटरचे. आता तुमी इचाराल कारबुरेटर मंजी काय. इंजिनाचा सयपाकी समजा. पेट्रोल किती, हवा किती, ह्ये कालवून इंजिनाला वाढायचं काम त्येचं. पेट्रोल जास्ती झालं की काळा धूर, कमी पडलं की ठसका.

लई सख्त मानूस उस्ताद. जेट, मंजी पेट्रोलची बारीक तोटी, उलटी बसवली तर पान्याच्या दांड्यानं बोटावर मारायचे, आन् दुपारी डबा उघडून मनायचे, आ बेटा, बैठ. मी माळकरी घरचा, मी मनायचो नको उस्ताद, मटन चालत न्हाई. मग मनायचे, अच्छा, अचार तो ले. त्या लोनच्याची चव अजून हाय बगा जिभंवर, तसं लोनचं पुन्ना न्हाई खाल्लं.

त्येंचा एक रिवाज व्हता, त्यो सांगतो, कारन पुढचं सगळं त्येच्यावरच हाय. कारबुरेटर खोलला, साफ केला, बसवला, की गिऱ्हाइकाला चावी द्यायची न्हाई. जिने खोल्या उनेच पैले बैठना, मनायचे. ज्यानं खोललं त्यानं आधी गाडीवर बसून एक चक्कर मारून यायची, मंग गिऱ्हाइकाच्या हातात. गिऱ्हाईक कितीबी घाईचं असू दे, उस्ताद मनायचे, चाय पियो. आपन हात लावलेल्या चीजेवर आपला जीव टाकायचा न्हाई आन् दुसऱ्याचा टाकायचा, हे त्येंना हराम व्हतं.

मंग लगीन झालं, मुखेडकडची बायको केली, अनुसया. आन् लई वर्सांनी लातूरला इमान शिकवायची शाळा निघाली, तिथं हेल्पर पायजे व्हता, लागलो. दोन शिटांचं इमान, एक शिट कॅप्टनची, एक शिकनाऱ्याची. पैल्या दिवशी त्येचा कारबुरेटर बगितला आन् मला हसूच आलं, इंजिनाच्या बुडाला लटकलेला, आपल्या तांब्याएवढा. त्येचं पेट्रोल निळं. गळलं की निळा डाग पडतोय, चोर लगीच सापडतो. आन् काय सांगू तुमाला, पावसाळी हवेत त्येच्यात बरफ धरतोय! गावात मी हे सांगितलं तर लोक पोट धरून हसले, मनले आरं हितं प्यायला टँकर आन् तुझ्या कारबुरेटरात बरफ! पर खरं हाय, त्यासाठी गरम हवा सोडायची दांडीच असती आत.

तिथले इंजिनियर देशमुख साहेब. सही त्येंची, हात माजा. पैल्यांदा कारबुरेटर बदलला तवा मी उस्तादचा रिवाज सांगितला, साहेब मनले, खुळा हायस का, ही काय फटफटी हाय? पर कॅप्टन मॅडम व्हत्या, पोरीच्या वयाच्या, त्या मनल्या, न्हाई साहेब, मामांचं बरोबर हाय, मामा शेजारी बसले तरच मी उडवीन. तवापासून नियमच पडला. मी बसवायचं, साहेबांनी तपासायचं, आन् मी मॅडमच्या शेजारी बसायचं.

आमचं घर धावपट्टीच्या कुंपनाला लागून. ज्या दिवशी मी वर जानार, त्या दिवशी ही चुलीवर तवाच ठेवायची न्हाई. माळवदावर, घराच्या छतावर, जाऊन उभी. मी खाली उतरून घरी आलो की मंग भाकर. शेजारच्या बाया मनायच्या, भेती बिचारी, नवऱ्यावर लई जीव. मीबी मिशीला पीळ देऊन सांगत फिरायचो. एकदा मनलं, अगं किती भ्याचं? तर अशी उसळली! कोन भ्यालंय? इमान वर फिरून राहिलं आन् मी खाली भाकर थापू? मान वर राहती, भाकर करपती. आन् आवो, मला भ्या न्हाई वाटत, मला बसायचंय. मुखेडच्या बाजाराला जल्मभर येस्टीत उभ्यानं गेले, खिडकी कवा घावली न्हाई. एकदा वरून माजं घर बगायचंय मला.

मी मनलं, नेतो की. आन् मग दर टायमाला, पुढच्या टायमाला, पुढच्या टायमाला.

तर परसाल शाळेत नवी इमानं आली, त्येंना कारबुरेटरच न्हाई, पेट्रोल आपसूक पिचकारीवानी आत जातंय. जुनं इकलं. घेनारे न्यायला येनार, आन् नेमका त्येच टायमाला बुडाला निळा डाग. पेट्रोल अडवनारी आतली सुई बसंना, काळा धूर, आवाज कमी केला की इंजिन बंद. दुसरा कारबुरेटर मागवला. मला कळलं, आता एकच चक्कर उरली.

सकाळी ही जरीची साडी नेसून माझ्यासंगं आली. मी साहेबाला मनलं, आज माझ्या जागी ही बसंल. साहेब मनले, तपासनीच्या चक्करीत पाव्हना चालत न्हाई, कायदा हाय. मी मॅडमकडं बगितलं. मॅडम मनल्या, मामा, ज्यानं खोललं त्यो शेजारी नसंल तर मी कवा बसले का? तुमीच शिकवलंय. माजं टकुरं फिरलं. पाना आपटला, मनलं, मग बसवतच न्हाई मी, घ्या तुमचं इमान!

ही जवळ आली. मनली, कामावर काय राग काढता? उस्तादचं नाव माझ्यापायी बुडवता का? आन् पाना उचलून माझ्या हातात दिला. आत अंधार पडतोय मनून ब्याटरीबी हिनंच धरली. जोडाच्या फटीत नवा गासकेट लावला, चार नट आवळले, ढिले पडू नयेत मनून तारेनं बांधले, आन् साहेबांनी बगून सही केली. मी मनलं, मॅडम, आता हिचाबी हात लागलाय, हिनंबी आधी बसायला पायजे. मॅडम हसल्या, डोळे भरले त्येंचे. मनल्या, मामा, शिटा दोनच हायत हो.

मी बसलो. इंजिन असं चाललं, उस्ताद असते तर पाठीवर थाप मारली असती. आन् मला वर बसून रडू आलं, लपवत न्हाई. उतरलो तर ही कुंपनापाशी. मनली, घर दिसलं का? मनलं, हाव. माळवद दिसलं? मनलं, दिसलं, लाल लाल काय तरी वाळत व्हतं. तर हसली. मनली, मिरच्या घातल्या व्हत्या, वरून घर सापडावं मनून, पाटीभर. मग घरी गेली आन् तवा ठेवला. दुपारी इमान गेलं.

आता मी घरीच असतो. गावातल्या जुन्या फटफट्यांचे कारबुरेटर येतात, तेबी कमी झालेत. उस्ताद गेले, मी अजून आधी चक्कर मारूनच चावी देतो. हिचा गुडघा धरलाय, माळवदावर चढवत न्हाई. मनलं, चल, नांदेडहून मोठं इमान जातंय, तिकीट काढतो, खिडकीचं.

तर मनली, आधी जाऊन इचारून या, त्ये ज्यानं खोललं त्यो आत बसलाय का. बसला आसंल तर येते.