पाच फूट दोन इंचांचं दार

—अगं बरोबर आहे ते, चूक नाहीये. पाच फूट दोन इंच. मीच टेप लावून मोजलंय. कुशला सांग, सहा फुटाचा आहेस तर वाकायला शीक म्हणावं, सासऱ्यासमोर तर कधी वाकला नाहीस — हसतेस काय, राजीवनंच सांगितलंय मला. तुझा बाबा कॉलेजपासूनचा मित्र माझा, आमच्यात लपवाछपवी नाही. हां, तर दार. तुझ्या अलकाकाकूनं घर नंतर पाहिलं, दार आधी. इथल्या, वॉटफर्डच्या मराठी मंडळाच्या ग्रुपबरोबर जावातली देवळं बघायला गेलो होतो, बसचं चाक पंक्चर झालं म्हणून त्या गावात उतरलो — वाळत घातलेली मासळी, नारळ, दमट वारा, आणि बाहेर विक्रीची पाटी लावलेलं हे घर. ती गुहागरची ना. तिकडच्या जुन्या घरांची दारं ठेंगणीच, आत जाताना मान आपोआप खाली जाते. म्हणाली, अहो, हे घर आत येणाऱ्याकडून नमस्कार करून घेतंय बघा. झालं, ठरलं. एकतीस वर्षं मी कौन्सिलमध्ये नवी घरं तपासली — ओल, जिने, खिडक्या, सगळं फॉर्मवर — आणि स्वतःचं घर घेतलं ते बायकोच्या एका नमस्कारावर.

चहा घे की. चकली विकतचीच आहे, वेम्ब्लीची. — हे बघ नकाशावर. हा जावाचा उत्तर किनारा, हे शहर, आणि शहराचा हा समुद्राला लागलेला भाग, करांगवेतान. टूरिस्ट कुणी नाही. एक बाजार, एक शाळा, एक मशीद, सायकलवरून पाव विकणारा. तुम्हाला हेच हवंय ना? क्रॉयडनच्या फ्लॅटमधून सुटायचंय, कुशचं काम काय लॅपटॉपवर कुठूनही होतं, आणि मायराला समुद्र. — ‘घर मोठी आहे का’ नाही गं, ‘मोठं आहे का’. राजीवनं शनिवारच्या मराठी शाळेत घातलं होतं ना तुला? बरं बरं. मोठं आहे. तीन खोल्या, मागे ओटा, ओट्यापलीकडे बांध, बांधापलीकडे पाणी. कागदांचं पुन्हा एकदा सांगतो, मग सही. बाहेरच्या माणसाच्या नावावर तिथं जमिनीची मालकी होत नाही. म्हणून मूळ कागद बू वार्नींच्या नावावर — बू म्हणजे बाई, आदरानं नावाआधी लावतात — शेजारीण आहे आपली. आणि आपल्याकडे वेगळा करार, की राहायचं आपण. नाही, तिथल्या कायद्यात हे बसत नाही, ते मी राजीवलाही सांगितलंय, उगाच अंधारात ठेवत नाही. पण बाई शब्दाची पक्की. सहा वर्षं राहिलो आम्ही, एक शब्द कधी वाकडा नाही. गेल्या वर्षी ते सगळं झालं तेव्हाही नाही. सगळ्यात आधी तीच धावत आली, तिनंच मला दारात अडवलं, आत पाय टाकू दिला नाही — म्हणजे, रडारड झाली की बायका बघ कशा, पुरुषाला जरा बाजूला बसवतात. तसं.

कुठला फोटो? हा — हा चुकून आलाय यात. दे इकडे. प्रिंट काढताना सगळेच निघाले वाटतं. भिंतच आहे. बू वार्नी पाठवते. दर पौर्णिमेला एक पाठवते, खाली काही लिहीत नाही, नुसती भिंत. वर्ष झालं. मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. — रेघ? ती ओल आहे गं. समुद्राकाठी घर म्हटल्यावर ओल नको तर काय हवं? गुहागरलाही पावसाळ्यात भिंतीला हात लावला की ओला. — नाही, फोटो ताजा आहे, आणि तिथं मे-जूनमध्ये पाऊस नसतो, बरोबर आहे तुझं. हुशार आहेस. उधाण असतं. भरती मोठी येते, मोरीतून थोडं पाणी वर येतं घरात, घोट्यापर्यंत, दोन तासांत उतरतं. अख्ख्या गल्लीत येतं. कुणी घाबरत नाही, पोरं त्यात होड्या सोडतात. खुर्च्या पलंगावर ठेवायच्या, गाद्या उचलायच्या, झालं. काकूनं तर दिनदर्शिकेवर लाल गोल करून ठेवले होते, पौर्णिमा-अमावस्येचे — इथे वॉटफर्डला ती तसेच गोल संकष्टीला करायची — ते बघून मंडळातल्या बायका व्हिडिओवर म्हणायच्या, अलकाताई, तिकडे जाऊन फारच देवभोळ्या झालात. ती हसायची. खरं काय ते सांगायची नाही कुणाला.

नाही, हे तुला सांगायचं राहून गेलं असं नाही. सांगणारच होतो.

आता बघ, तू विचारलंस म्हणून सांगतो. दार मुळात ठेंगणं नव्हतंच. सहा फूट आठ इंचांचं होतं, चारचौघांसारखं. तिथली जमीन खचते आणि पाणी वर येतं, म्हणून लोक काय करतात, चारपाच वर्षं झाली की घरात भराव टाकतात, त्यावर नवी फरशी. छप्पर तिथंच, दार तिथंच, जमीन तेवढी वर. आमच्या आधी तीनदा झालं होतं. दर वेळी सहा इंच. गुहागरच्या बाईला वाटलं, घर नमस्कार करून घेतंय, आणि मी — मी, एकतीस वर्षं घरं तपासणारा — मीही मान हलवली. बू वार्नींच्या घरात तर खिडकीतून बाहेर पडता येतं, उंबरा ओलांडावा तसं. त्या गल्लीतली उंच माणसं घरात बसूनच असतात. हे आम्हाला कधी कळलं? दुसऱ्या वर्षी. पहिलं उधाण आलं तेव्हा. तोवर राहायला लागलो होतो, मोगरा लावला होता. आणि अलका म्हणाली, असू दे हो, चौथा भराव आपण घालू, तोवर राहू, आपलं असं किती राहिलंय. साठीतली माणसं असं बोलतात. गंमत म्हणून.

मायरा? फरशी गार असते, हो, छान. लोळेल की. — काय म्हणालीस? सध्या कशाकशात बोटं घालते? सगळ्यातच. हं. चार वर्षांची पोर, घालणारच. इथे तुम्ही सॉकेटला ती प्लॅस्टिकची झाकणं लावली असतील. तिथं ती मिळत नाहीत. — नाही, थांब, पेन राहू दे क्षणभर. सही कुठे पळून जात नाही. हे बघ, फरशी अठरा इंच वर आली तर भिंतीवरचं सगळं अठरा इंच खाली येतं, कळतंय का? सॉकेट्स. जमिनीपासून चार बोटं. पहिल्या दिवशीच पाहिली होती मी. इथे नव्या घरात साडेचारशे मिलिमीटरच्या खाली सॉकेट दिसलं तर मी घर पास करत नसे, बिल्डर शिव्या घालायचे मला. आणि तिथं काय वाटलं सांगू? वाटलं, ही माणसं आपल्यासारखी जमिनीवर बसणारी, जमिनीवर बसून इस्त्री करत असतील, म्हणून खाली ठेवलीत. किती सोयीचं. अलकालाही तेच म्हणालो. तिला पटलं. आपल्यालाच असलं पटतं बघ — भारतातून आलेल्या माणसाला, इकडे जन्म काढून परत तिकडचं काही शोधणाऱ्याला. इथल्या एखाद्या गोऱ्यानं सरळ विचारलं असतं, सॉकेट इतकं खाली का.

मग नेम ठरला होता आमचा. पाणी मोरीतून दिसलं की ती हाक मारायची — आलं हं — आणि मी मेन स्विच खाली ओढायचा. तो ओट्यावर, बाहेर, उंच. त्याला तिचा हात पुरत नसे. इथल्यासारखं आपोआप ट्रिप होणारं तिथं काही नव्हतं, लावून घेणार होतो. मी ओढला की ती आत पाऊल टाकायची. पाच वर्षं. एकदाही चुकलं नाही.

तुला आठवतंय ना, गेल्या वर्षी जूनमध्ये, तुझा पहिला व्हिडिओ कॉल? रविवार होता. तुमच्याकडे सकाळचे नऊ, मायरा सीरियल खात होती, तिनं मला चमचा दाखवला. आमच्याकडे दुपारचे तीन. आम्ही परत यायचं मनात आणलं होतं, चौथा भराव होणार नव्हता आमच्यानं, आणि राजीव म्हणाला होता, पोरीला दाखव घर. मी दाखवत होतो. दार दाखवलं, नमस्काराचं सांगितलं, तू हसलीस. मग म्हणालीस, काका, समुद्र दाखवा ना. मी बांधावर गेलो. वायफाय घरातलं होतं. मेन ओढला असता तर वायफाय गेलं असतं.

तिनं हाक मारली. आलं हं. मी म्हणालो, एक मिनिट.

तुला ऐकू आलं असेल कदाचित. तुझा काही दोष नाही गं, तुला काय माहीत — रडू नकोस. रडण्यासाठी नाही सांगत. तिनं वाट पाहिली असणार. मग वाटलं असेल, ओढला असेल यांनी. टेबलफॅनची पिन काढायला वाकली. घरातला फ्यूज उडाला, आणि कॉल कट झाला तो तेव्हा. मी बांधावर उभा राहून फोन हलवत होतो, नेटवर्क गेलं म्हणून. संध्याकाळी तुझा मेसेज आलेला दिसला, ‘व्ह्यू मस्त आहे काका’. चार दिवसांनी मी कळवलं, काकूचं हार्ट बंद पडलं. ते खोटं नाहीच म्हणा. हार्टच बंद पडलं. आमच्या अजयला तेच सांगितलंय, राजीवला तेच. आईला न्यायला आला होता अजय, दार बघून म्हणाला, बाबा, कसलं क्यूट आहे. कुणाला माहीत नाही. वार्नींना माहीत आहे. त्या दर पौर्णिमेला भिंत पाठवतात. रेघ वर वर सरकतेय. मला वाटलं, घरात दुसरं कुणी आलं की फोटो त्यांना जातील. मला नाही येणार. एवढंच हवंय गं मला, दुसरं काही नको.

नको, सही नको. दे ते कागद. कोट घाल. मी ठरवून नव्हतं सांगितलं, तू ते बोटांचं बोललीस म्हणून. राजीवला सांग, काकांचं मन बदललं, म्हातारी माणसं बदलतात. अजयला काय सांगायचं ते — तुझं तू बघ. मी अडवणार नाही. आता मात्र निघ. पावणेचार झालेत. चारला कार्डिफहून एक कपल येतंय, दोघंही डॉक्टर, लवकर रिटायर व्हायचंय, त्यांनाही समुद्र हवाय. भली माणसं वाटली फोनवर. मूलबाळ नाही, दोघंच. कप राहू दे, मी विसळतो, त्यांना टेबल स्वच्छ दिसायला हवं.

सांगणार का म्हणजे? — त्यांना?

तुझी ट्रेन चुकेल, तनया.