उसन्या वीणेची दांडी

दस्तगीर : पुन्हा सांग, नानासो. काय करायचं म्हणालास?

नानासो : वीणेची दांडी तासायची, चाचा. वरपासनं खालपतोर. कोरं लाकूड दिसलं पायजे. मग वरनं नवं पॉलिश, घाईचं चालंल.

दस्तगीर : कशाला? दोन वर्षांमागं मीच चपड्याचं पॉलिश चढवलंय हिला. पंधरा दिवस बोळा फिरवत होतो. बघ, तोंड दिसतंय.

नानासो : झ्याक हाय, न्हाई कोण म्हणतंय? पर तासा तुमी.

दस्तगीर : तासली की दांडी बारीक होते, आवाज बदलतो. मिरजेत चाळीस वर्षं दुकान आहे माझं. चांगलं पॉलिश खरवडून काढा म्हणणारा तू पहिलाच. आणि ही वीणा तुझी नाही. ही तुमच्या गावच्या धोंडिरामची.

नानासो : व्हय, त्याचीच. आठ दिसांसाठी उसनी घेतलीया. परवा गावात सप्ता बसतोय, आन् मंडळाच्या वीणेचा भोपळा फुटला.

दस्तगीर : दुसऱ्याची वस्तू, आणि तासायला आणलीस. त्याला ठाऊक आहे?

नानासो : तारा बदलायच्या म्हणून सांगितलंय. तुमच्या वळखीचा, म्हणून जीपमधनं संगं आणलाय. कोपऱ्यावर च्या पितोय. जरा हळू बोला.

दस्तगीर : का तासायची ते सांग, मग बघू हळू बोलायचं का ते.

नानासो : आता काय फोड करून सांगायचं? सप्त्यात सात दिवस, रातध्या, वीणा खाली ठेवत न्हाईत. ह्याच्या गळ्यातनं त्याच्या गळ्यात. देणाऱ्याच्या पाया पडून घ्यायची. समद्या गावाचा हात लागतो. आन् धोंडिराम पडला बौद्धवस्तीतला. बापापासनं त्यांच्या हातात ही दांडी.

दस्तगीर : म्हणजे त्याचा हात तासून काढायचा.

नानासो : मी न्हाई म्हणत. म्हातारी मंडळी ऐकंनात.

दस्तगीर : तू काय पोरगा आहेस? साठीला आलास. आणि मंडळी तिकडं गावात आहेत, माझ्यासमोर तू उभा आहेस. ती बाटली कसली?

नानासो : गोमूत्र. लाकूड उघडं झालं की फडक्यानं एक हात फिरवायचा, आन् वरनं पॉलिश मारून बंद करून टाकायचं. म्हंजे काळजी मिटली.

दस्तगीर : बाटली देशी दारूची आहे.

नानासो : धुतलीय की.

दस्तगीर : ओल्या लाकडावर चपडा धरत नाही, पांढराफटक पडतो. पण ते राहू दे. तोंडात काय आहे तुझ्या?

नानासो : तंबाकू.

दस्तगीर : मळलीस, आणि त्याच चुन्याच्या बोटानं मघाशी वीणा उचलून इथं ठेवलीस. डाग मी पुसला, तुझ्यादेखत. आणि बाटायचं कुणामुळं, तर धोंडिराममुळं. शिसारी येते मला, नानासो.

नानासो : चाचा, रागावू नगा.

दस्तगीर : ही पांढरी घोडी दिसते? जिच्यावरनं तारा जातात, ती. उंटाचं हाड आहे. माझ्या भावानं कापलं, मी घासलं.

नानासो : हाड? आमी समजत हुतो शिंपल्याचं आसतं.

दस्तगीर : तुमच्या जुन्या वीणेलाही हाडच होतं. ते पोटाशी धरून तुम्ही देवाचं नाव घेत आलात, काही बिघडलं नाही. आणि माझा हात? तो चालतो?

नानासो : तुमचं काय, तुमी कारागीर. तुमचा इटाळ कोण धरत न्हाई.

दस्तगीर : मिरजेतल्या मुसलमानाचा धरत नाही, मेलेल्या उंटाचा धरत नाही. ज्याच्या दारात जाऊन वस्तू मागितली, त्याचा तेवढा धरता.

नानासो : गावात ऱ्हायचं म्हंजे गावाचं ऐकावं लागतं.

(धोंडिराम दारात येतो.)

धोंडिराम : सलाम, चाचा. झाल्या का तारा? खुंट्यांना तर हातबी लागल्याला दिसत न्हाई.

दस्तगीर : तारांचं काम नाही, धोंडिराम. दांडी तासायला आणलीय. कशासाठी, ते नानासोला विचार. माझ्या तोंडानं मी सांगणार नाही.

नानासो : पॉलिश रं, पॉलिश. सप्ता म्हंजे चार गावची मानसं बघत्यात.

धोंडिराम : आन् ही बाटली?

नानासो : ती आशीच.

धोंडिराम : बाटली वळखीची हाय. पहाटं गोठ्यात आल्तास. म्हनलास, वैदूनं औशीदाला सांगितलंय, जरशीचं चालत न्हाई, खिलार गाय गावात तुझ्याच दावणीला हाय. बाटली मीच भरून दिली, नाना. ह्याच हातानं.

दस्तगीर : एवढं ऐकायचं राहिलं होतं.

नानासो : माझ्या मनात काय न्हाई गड्या. चौथीपतोर एका वर्गात बसलोय आपुन.

धोंडिराम : वर्गात तू बसायचास. मी दाराभाईर.

नानासो : जुनं कशाला काढतोस?

धोंडिराम : जुनं कुठं हाय? माझ्या आबांनी हिच्यावर अभंग म्हनलं, मी भीमगीतं म्हनतो. तू मागाय आलास तवा माझी बायकू बाळाबाई म्हनली, नगा दिऊ. मी तिलाच रागं भरलो. मला लय आनंद झाल्ता, नाना, येड्यावानी. वाटलं, आपली वीणा समद्या गावाच्या गळ्यात जानार. ल्योकाला पुण्याला कारड टाकलं तसं. चाचा, हिची गवसणी द्या.

दस्तगीर : घे. तुझ्या दांडीला तासायची काच लावलेली नाही मी.

नानासो : आन् सप्ता? परवा आमी काय करायचं? बरं, ऱ्हाऊ दे तासायचं. हाय तशीच दे. गावाला मी सांगतो, तासून आणली म्हणून. कुणाला कळतंय?

धोंडिराम : मला कळतंय की.

दस्तगीर : नानासो, ती बाटली उचल माझ्या फळीवरनं. तुझ्या जीपच्या चाकाखाली ओत, नाहीतर घरी ने.

नानासो : नेतो, चाचा. धोंडिराम, निदान जीपमदी तरी बस. एकाच गावाला जायचंय. मी सरकून बसतो.

धोंडिराम : नगं. यष्टीनं जातो मी. जीपला लय दाटी हाय. वाटंत तुझा हात लागंल हिला.