जवळ्याच्या जाळीवरच्या डब्या

...आणि वर मलाच विचारतात, ‘सत्यवती, एवढा आटापिटा केलास कशाला?’ कशाला म्हणजे? अहो, माझा नवरा काळूराम रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी जाळं टाकतो, तीस वर्षं झाली, आणि हल्ली त्या जाळ्यात मावरं कमी नि गोऱ्या बायकांचे फोटो जास्त! क्रीमची डबी, फेसवॉशची नळी, शांपूची पुडी... एक दिवस घरी आला नि माझ्यापुढं घमेलं ओतलं. म्हणाला, ‘घे, समदा मेकअपचा सामान हाय. तोंडाला लाव, शिजवायला काय न्हाय!’ तो हसला, पण तुम्हाला सांगते, मला रडू आलं. कारण आमच्या बचत गटाचं कोकमाचं मलम, ते ओठांना नि टाचांच्या भेगांना लावायचं, तेसुद्धा तसल्याच डबीतनं जायचं की! म्हणजे नवऱ्याच्या जाळ्यात कचरा कोण घालतंय? मीच! तिथंच उभ्या उभ्या ठरवलं, आपली डबी कागदाची. प्लास्टिक न्हाय म्हणजे न्हाय!

सून माझी, प्राप्ती, शिकलेली. मोबाइलात बघून म्हणाली, ‘आई, डबी अशी पाहिजे की पाण्यात पडली तर विरघळून गेली पाहिजे.’ लगेच आमच्या सासूबाई, नीराबाई, कोपऱ्यातनं... ‘अगो बाय, त्यात मोबाइलात काय बघायचा? रद्दी भिजव, मेथी वाट, लगदा कर नि वाटीवर थाप! आम्ही टोपल्या कशा केल्या?’ झालं! आम्ही अकरा जणी बसलो थापायला. दोनशे डब्या! आतनं मेण फासलं. आता वाळवायच्या कुठं? हा काय प्रश्न हाय का? जवळा सुकवतो त्या जाळीवर! खालनं वारा, वरनं ऊन, याच्यापेक्षा चांगली जागा जगात न्हाय. ह्या बाजूला जवळा, त्या बाजूला डब्या, नि मध्ये कावळे हाकायला काठी घेऊन नीराबाई. चार दिवसांत डब्या अशा कडक वाजायला लागल्या!

आणि आम्ही काय डोळे मिटून पाठवल्या न्हाय हां! अकराच्या अकरा जणींनी डबी नाकाला लावून बघितली. गटातली रचना म्हणाली, ‘जरा मेथीचा वास येतोय.’ म्हटलं, बाकी? ‘बाकी काय न्हाय.’

गेलो मी नि प्राप्ती अलिबागला, रिसॉर्टातल्या दुकानात. तिथं हेतलबेन, दुकानाची मालकीण. तिनं डबी अशी दोन बोटांत धरली, देव्हाऱ्यात ठेवायची असल्यासारखी, ‘वाह, सत्यवतीबेन, एकदम नॅचरल!’ आणि झाकण उघडलं... अहो, खुर्चीसकट मागं गेली ती बाई! ‘अरे बाप रे! आ शुं छे? क्रीम छे के सुकी मच्छी?’ मी हुंगते, प्राप्ती हुंगते, पुन्हा मी हुंगते... वास हाय कुठं? हेतलबेन नाकाला पदर लावून बोट दाखवतेय, आणि आम्ही दोघी एकमेकींचं तोंड बघतोय! जन्मल्यापासनं ज्या हवेत श्वास घेतला, तिला वास असतो हे आम्हाला कोणी सांगितलंच न्हवतं हो!

तुम्ही म्हणाल, मग दुसरीकडं वाळवायच्या. कुठं दुसरीकडं? अंगणात जवळा, गच्चीवर बोंबील, ओसरीवर मांदेली! सासूबाईंच्या माहेरी पाठवू? थेरोंड्याला? तिथं काय गुलाब वाळवतात?

हेतलबेन म्हणाली, ‘डबी सुंदर छे, फोटोत चांगली दिसते, ती राहू द्या. मलम तेवढं आत छोट्या पिशवीत घाला. प्लास्टिकला वास लागत नाही, बेन.’ मी उसळले. म्हटलं, प्लास्टिक न्हाय म्हणजे न्हाय! ती म्हणाली, ‘तर ऑर्डर पण नाही म्हणजे नाही.’ अकरा जणी पाठीवर ओझं घेऊन दारात वाट बघत असल्यासारख्या डोळ्यांपुढं आल्या... घातली पिशवी. एवढीशीच! पातळ!

पुढं? पुढं कोण्या पाहुणीच्या बॅगेतले कपडे वासले, म्हणून डबीला बाहेरनंही पिशवी. मग रिसॉर्टाची मांजरं! ती काय ऐकतायत? डबी दिसली की पळवायची, पंजा मारून फाडायची, म्हणून त्याच्यावर ते फुगेवालं प्लास्टिक, टपटप फुटतं ते. आणि सगळ्याच्या आत, मलमाच्या पिशवीवर, प्राप्तीनं डोकं लढवून केलेला स्टिकर, हिरवं पान काढलेला, ‘समुद्राची काळजी घेणारं मलम’. तो स्टिकर कसला? प्लास्टिकचा! कागदाचा तेलानं सुटत होता! मी रोज भरायला बसायचे नि पुटपुटायचे, प्लास्टिक न्हाय म्हणजे न्हाय... आणि हात पिशव्या बांधतायत. पूर्वी एका मलमाला एक डबी लागायची. आता चार थर! माणूस बुडायला लागतो तेव्हा हात मारतो ना, तसं झालं माझं, जितका जोर लावला तितकी खाली गेले.

परवा काळूराम आला. घमेलं ओतलं. पिशव्या! हिरव्या पानाच्या! आमच्याच! कागदाची डबी एकसुद्धा न्हाय हां, ती विरघळून गेली होती, प्राप्तीनं सांगितलं होतं अगदी तश्शी! काळूराम म्हणाला, ‘सत्यवती, तुझा माल परत आलाय गो.’ म्हटलं, आणि मावरं? म्हणाला, ‘हाच.’ ह्या वेळेला तो हसला न्हाय. हसला असता तर बरं वाटलं असतं.

माझ्या तोंडात आलं, प्लास्टिक न्हाय... आणि पुढचं गिळलं. बसले एकेक पिशवी धुवत. फेकणार कुठं? फेकली तर पुन्हा त्याच्याच जाळ्यात! म्हटलं, पुढच्या ऑर्डरीचं मलम ह्यातच भरू. सासूबाईंनी आतनं हाक दिली, ‘गो सत्यवती, धुतलेल्या पिशव्या वाळत कुठं घालू?’

म्हटलं, घाला जवळ्याच्या जाळीवर. ह्यांना कुठं वास लागतोय!