केसांना तांदळाचं पाणी

हसणार नसाल तर सांगते. भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं, म्हणून आंबवलेलं तांदळाचं पाणी केसांना चोळलं. अर्ध्या तासानं धुवायला गेले, तर टाकी कोरडी! नळाचा दिवस होता, पण पाणी एक दिवस पुढं ढकललेलं.

डोक्याला टॉवेल गुंडाळून शेजारच्या मंदाकाकूंचं दार वाजवलं. केसांसाठी पाणी मागायची लाज वाटली. म्हटलं, "काकू, पाहुणे आलेत हो अचानक. बादलीभर पाणी देता?"

"व्हय, ने की."

मोरीत बादली ठेवून मी केस सोडले, तोच उघड्या दारातून काकू आत आल्या. हातात सरबताचे दोन ग्लास.

"पाव्हणे कुठं बसलेत गं?"

माझ्या केसांतून आंबूस पाणी ठिबकत होतं. काकूंनी बादलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आमच्या ड्रमातबी एवढंच व्हतं," त्या म्हणाल्या. "पण पाव्हण्यांना नाय कसं म्हणायचं?"

त्यांनी ग्लास ओट्यावर ठेवले आणि तांब्या उचलला.

"वाक आता खाली. अर्ध्यात भागव, उरलेलं मी घेऊन जाते."